भारत-चीन सीमाव्यवस्थापन

भारत आणि चीन यांच्यातील अनिर्णित सीमेवर शांतता टिकवण्यासाठी १९९३ पासून उभी राहिलेली करार, बैठका आणि लष्करी शिस्त यांची व्यवस्था. सीमाप्रश्न सोडवणे हे तिचे काम नव्हे. प्रश्न सुटेपर्यंत गोळी सुटू नये, एवढेच तिचे काम. सामर्थ्याने वाढत चाललेल्या आणि ते दाखवायला न कचरणाऱ्या शेजाऱ्याला लिखित नियमांनी कुठवर बांधून ठेवता येते, याचा अभ्यास करणाऱ्याला आशियात याहून बोलके प्रकरण सापडणे कठीण.

या सीमेची लांबी भारत ३,४८८ किमी धरतो, तर चीन सुमारे २,००० किमी सांगतो. हा फरक मोजणीचा नसून दाव्यांचा आहे. सीमेचे तीन विभाग मानले जातात : लडाखचा पश्चिम विभाग, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडचा मध्य विभाग आणि सिक्कीम-अरुणाचलचा पूर्व विभाग. पश्चिमेकडील अक्साई चीनचा सुमारे ३८,००० चौ. किमी प्रदेश चीनच्या ताब्यात आहे. पूर्वेकडे सुमारे ९०,००० चौ. किमी प्रदेशावर तो हक्क सांगतो. दोन्ही सैन्यांचा प्रत्यक्ष वावर जिथवर आहे, ती प्रत्यक्ष ताबारेषा. ती जमिनीवर आखलेली नाही आणि दोघांनी मान्य केलेल्या कोणत्याही एका नकाशावरही नाही.

पूर्वपीठिका : ७ नोव्हेंबर १९५९ च्या पत्रात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी दोन्ही सैन्यांनी ताबारेषेपासून २० किमी मागे यावे असे सुचवले. आपल्याच भूमीतून मागे कशाला यायचे, म्हणून भारताने ते नाकारले. २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२ या महिन्याभराच्या युद्धात भारताचा पराभव झाला. त्यानंतर मुंबई सोडून संरक्षणमंत्रिपद घ्यायला दिल्लीला गेलेल्या यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत दहा पर्वतीय डिव्हिजन उभारण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. १९६७ मध्ये नथू ला आणि चो ला येथे भारतीय सैन्याने तोफांनी चोख उत्तर दिले. १९७५ मध्ये अरुणाचलातील तुलुंग ला येथे आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले. पुढची ४५ वर्षे या सीमेवर चकमकीत एकही बळी गेला नाही. व्यवस्थेच्या बाजूने बोलायचे तर हा आकडा सर्वांत वजनदार, आणि २०२० नंतर तिच्यावर तुटून पडणाऱ्या टीकाकारांनी तो विसरू नये.

करारांचा पाया : १९८६-८७ मध्ये सुमदोरोंग चू खोऱ्यात दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली आणि पुन्हा युद्ध होते की काय, अशी वेळ आली. त्यातून धडा घेऊन डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले. सीमाप्रश्न सुटला नाही तरी इतर संबंध थांबवायचे नाहीत, मात्र सीमेवर शांतता राखायची, हे सूत्र तिथे ठरले. त्या वर्षी दोन्ही अर्थव्यवस्था जवळपास सारख्या आकाराच्या होत्या. हे सूत्र बरोबरीच्या दोन गरीब देशांमधले होते आणि दोघांनाही घराकडे लक्ष द्यायला उसंत हवी होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

७ सप्टेंबर १९९३ रोजी पी. व्ही. नरसिंह राव यांच्या बीजिंग भेटीत ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झाला. बळाचा वापर करायचा नाही, धमकी द्यायची नाही, सैन्य किमान पातळीवर ठेवायचे, अशी त्याची कलमे. २९ नोव्हेंबर १९९६ रोजी, च्यांग झमिन भारतात आले असताना, लष्करी क्षेत्रातील विश्वासवृद्धीचा करार झाला. हा पहिल्याहून अधिक नेमका आहे. एका डिव्हिजनहून, म्हणजे सुमारे १५,००० सैनिकांहून, मोठा सराव सीमेलगत टाळायचा; ब्रिगेडहून मोठ्या सरावाची आगाऊ सूचना द्यायची; लढाऊ विमाने रेषेपासून १० किमीच्या आत आणायची नाहीत. सहाव्या कलमाने रेषेपासून २ किमीच्या पट्ट्यात गोळीबार, सुरुंगस्फोट, घातक रसायनांचा वापर आणि बंदुकीने शिकार करणेदेखील वर्ज्य ठरवले.

पण हे २ किमी मोजायचे कुठून? रेषेबद्दल एकमत झाल्याशिवाय काही तरतुदी पूर्णपणे अमलात येणार नाहीत, अशी कबुली कराराच्याच दहाव्या कलमात आहे. त्यासाठी नकाशांची देवाणघेवाण करायचे ठरले. २००० मध्ये सर्वांत कमी वादाच्या मध्य विभागाचे नकाशे एकमेकांना दिले गेले. २००२ मध्ये पश्चिम विभागाचे नकाशे टेबलावर आले. एकमेकांचे दावे पाहून ते परत उचलले गेले आणि ती प्रक्रिया तिथेच थांबली. व्यवस्थेतली सर्वांत मोठी चूक इथे झाली, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. रेषा अस्पष्ट राहण्याचा फायदा अखेर ज्याचे रस्ते चांगले, त्यालाच होतो.

गस्तीची रीत : कागदावरचे करार सीमेवर उतरतात ते गस्तीच्या रूपाने. भारताने १९७६ मध्ये नेमलेल्या उच्चस्तरीय ‘चायना स्टडी ग्रुप’ने गस्तीच्या मर्यादा आखून दिल्या. त्यांवरचे क्रमांक दिलेले गस्तबिंदू पुढे बातम्यांतून घरोघरी पोचले : गलवानचा १४, गोग्राचा १७ए, देपसांगचे १० ते १३. यांतले बरेचसे भारताच्या समजुतीतील रेषेच्या अलीकडेच आहेत. तुकडी बिंदूपर्यंत जाते, आल्याची खूण म्हणून रिकामा डबा किंवा पाकीट ठेवते आणि परतते. समोरचे ती खूण काढून आपली ठेवतात. २००५ च्या शिष्टाचार-पत्राने खुणा ठेवायला मनाई केली, तरी सवय एकदम सुटणारी नव्हती. दोन तुकड्या समोरासमोर आल्या की दोन्ही बाजू कापडी फलक उलगडतात. हा आमचा प्रदेश आहे, मागे फिरा, असा मजकूर त्यावर असतो. बंदुका खांद्यालाच, नळ्या खाली. काही वेळ फलक धरून उभे राहायचे, छायाचित्रे घ्यायची आणि आपापल्या तळाकडे वळायचे. १५,००० फुटांवर जिवंत काडतुसे बाळगणाऱ्या माणसांनी हे वर्षानुवर्षे पाळले, याचे श्रेय त्या जवानांनाच द्यायला हवे. तंटा वाढलाच तर चुशूल-मोल्डो, दौलत बेग ओल्डी, नथू ला, बुम ला आणि किबिथू या ठिकाणी अधिकाऱ्यांच्या बैठका होतात.

तोल ढळला तो कसा : २००६ मध्ये रेल्वे ल्हासाला पोचली. चीनने तिबेटात रस्ते, धावपट्ट्या आणि छावण्या उभारल्या. भारतात मात्र सीमाभाग अविकसित ठेवणे हेच संरक्षण, अशी समजूत बरीच वर्षे होती, संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१३ मध्ये संसदेत ते मान्य केले. दार्बुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा २५५ किमीचा रस्ता पुरा व्हायला २०१९ उजाडले. चीनची अर्थव्यवस्था एव्हाना भारताच्या सुमारे पाचपट झाली होती.

एप्रिल २०१३ मध्ये देपसांगच्या पठारावर चिनी सैनिकांनी तंबू ठोकले. भारतानेही समोर तंबू ठोकले आणि तीन आठवड्यांनी दोघांनी ते उचलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एक करार झाला. एकमेकांच्या गस्तीचा पाठलाग करायचा नाही, हे त्यातले एक कलम. सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग अहमदाबादेत असतानाच चुमार येथे सैन्ये भिडली होती. २०१७ च्या उन्हाळ्यात भूतानच्या डोकलाममध्ये भारताने चिनी रस्त्याचे काम अडवले आणि सत्तर दिवसांहून अधिक काळ पेच चालला. त्या वेळी बीजिंगमध्ये राजदूत होते पुण्याचे विजय गोखले. पुढे परराष्ट्र सचिव झालेल्या गोखले यांनी चिनी वाटाघाटींच्या पद्धतीवर ‘द लाँग गेम’ हे पुस्तक लिहिले. डोकलामनंतर वुहान (२०१८) आणि मामल्लपुरम (२०१९) येथे अनौपचारिक शिखरभेटी झाल्या. शहाळ्यांची छायाचित्रे सर्वांना आठवतात. ताबारेषा निश्चित करण्याच्या दृष्टीने त्या भेटींतून काही निघाले नाही.

गलवान आणि नंतर : मे २०२० मध्ये चीनने सरावासाठी आणलेले सैन्य पँगाँग, गोग्रा, गलवान येथे पुढे वळवले. सैन्य किमान ठेवणे आणि मोठे सराव टाळणे या दोन्ही अटी अशा रीतीने मोडल्या गेल्या. १५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात माघारीची शहानिशा करायला गेलेल्या तुकडीवर हल्ला झाला. कर्नल बी. संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. चीनने आठ महिन्यांनी आपले चार सैनिक गेल्याचे जाहीर केले. गोळी एकही सुटली नाही. दगड, लोखंडी सळ्या आणि खिळे ठोकलेले दांडके यांनी माणसे मारली गेली, काही बर्फाळ नदीत पडून गेली. कराराचे अक्षर पाळून त्याचा आत्मा कसा मारता येतो, ते त्या रात्री दिसले.

२९-३० ऑगस्टच्या रात्री भारतीय सैन्याने पँगाँगच्या दक्षिणेकडील कैलास रांगेची शिखरे काबीज केली. सप्टेंबरमध्ये इशाऱ्याच्या गोळ्याही झडल्या. वाटाघाटीत भारताच्या हाती देण्याघेण्याजोगे काही आले ते या शिखरांमुळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या दोन्ही तीरांवरून सैन्ये मागे आली, ऑगस्टमध्ये गोग्राहून आणि सप्टेंबर २०२२ मध्ये गस्तबिंदू १५ वरून. मधे दोघांनाही गस्त बंद असलेले पट्टे सोडले गेले. यातले काही पट्टे भारताच्या पूर्वापार गस्तीच्या भागात येतात. चांगथांगच्या पश्मिना शेळ्या पाळणाऱ्यांची चराई त्यामुळे आक्रसली. चर्चेच्या फेऱ्यांच्या हिशेबात ही बाब क्वचितच येते.

राजकीय पातळीवर भारताने १९८८ चे सूत्र उलटवले : सीमेवर शांतता नसेल तर बाकीचे संबंधही नेहमीसारखे राहणार नाहीत. चिनी गुंतवणुकीला पूर्वपरवानगीची अट एप्रिल २०२० मध्येच घातली गेली होती. जूनअखेरीस टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आली आणि थेट विमानसेवा बंदच राहिली. व्यापाराने मात्र दाद दिली नाही. २०२४-२५ मध्ये चीनकडून आयात ११३ अब्ज डॉलरच्या वर गेली आणि तूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात पोचली. औषधांचा कच्चा माल आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग यांना पर्याय उभा राहिलेला नाही, तोवर सीमेवरच्या ताठरपणाला बाजारात साथ मिळणे अवघड.

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी गस्तीबाबत समझोता झाल्याचे जाहीर केले आणि दोन दिवसांनी कझान येथे मोदी-शी भेट झाली. देपसांग आणि देमचोक येथे गस्त पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा आणि थेट विमानसेवा पुन्हा चालू झाल्या. त्याच वर्षी चीनने अरुणाचलातील आणखी २७ ठिकाणांना चिनी नावे दिल्याचे जाहीर केले. २०१७ पासूनची ही पाचवी यादी. ऑगस्ट २०२५ मध्ये अजित डोवाल आणि वांग यी या विशेष प्रतिनिधींच्या चोविसाव्या फेरीत सीमानिश्चितीला जिथे लवकर हात घालता येईल, अशा भागांसाठी तज्ज्ञगट नेमण्याचे ठरले. २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी लडाखमध्ये आणलेले प्रत्येकी सुमारे पन्नास हजारांचे जादा सैन्य मागे घेण्याचे वेळापत्रक त्या फेरीतही जाहीर झाले नाही.