विनयातील वातायने आणि सह्याद्रीतील लेणी

पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गात 'सेनासनक्खंधक' नावाचे सहावे प्रकरण आहे. भिक्षूंच्या शय्या, आसने व निवासस्थाने यांविषयीचे नियम त्यात एकत्र केलेले आहेत. मूळ ग्रंथ हर्मन ओल्डेनबर्ग यांनी १८७९ ते १८८३ या वर्षांत पाच भागांत संपादून प्रसिद्ध केला. चुल्लवग्गाचे इंग्रजी भाषांतरही पुढे १८८५ पर्यंत पुरे झाले. मराठी वाचकांस या वाङ्मयाची ओळख धर्मानंद कोसंबी यांनी करून दिली, हे सर्वविश्रुतच आहे. तथापि आमच्याकडील लेण्यांचा विचार करिताना या प्रकरणाचा जितका उपयोग करून घ्यावयास पाहिजे तितका केला जात नाही, असे आम्हांस वाटते. विशेषतः त्यातील खिडक्यांसंबंधीचा मजकूर लेण्यांच्या दर्शनी भागाशी ताडून पाहिला, तर दोहोंचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो. तो ताळा पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रकरणाच्या आरंभी राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारल्याची कथा आहे, व त्या प्रसंगाने भिक्षूंस पाच प्रकारच्या आश्रयस्थानांची अनुज्ञा मिळाली आहे: विहार, अड्ढयोग, प्रासाद, हर्म्य आणि गुहा. या पाचांस मिळून 'लेण' असा शब्द आहे. संस्कृत 'लयन' तो हाच, आणि मराठी 'लेणे' हेही त्याचेच रूप होय. यावरून गुहा ही त्या पाचांपैकी केवळ एक होती, हे ध्यानात ठेवावे. आज आम्हांस फक्त गुहाच दिसतात याचे कारण इतकेच, की बाकीची चार लाकूड, माती व विटा यांची असल्यामुळे नष्ट झाली.

पुढे सांगितले आहे की, विहारांस वातपाने नव्हती, त्यामुळे ते डोळ्यांस अपायकारक व दुर्गंधियुक्त झाले. येथे मुळातील शब्द 'अचक्खुस्स', म्हणजे अचक्षुष्य, असा आहे. अंधार हा दोष प्रथम सांगून मग वासाचा दोष सांगितला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मग तीन प्रकारच्या वातपानांची परवानगी दिली गेली: वेदिकावातपान, जालवातपान व शलाकावातपान. समन्तपासादिका नामक अट्ठकथेत यांचे विवरण आहे. चैत्याच्या कठड्यासारखे असेल ते पहिले, जाळीने बांधलेले ते दुसरे, आणि लहान लहान खांबांचे ते तिसरे. आमच्या वाड्यांतून लाकडी गजांची जी खिडकी असते, ती या तिसऱ्या वर्गात मोडेल.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. खिडकीच्या फटींतून खारी व वटवाघुळे आत येऊ लागली, म्हणून तीस कापडाचा पडदा लावण्याची अनुज्ञा झाली. पडद्याच्या कडेनेही ती येत राहिली, तेव्हा खिडकीस झडप व 'वातपानभिसिका' यांची परवानगी मिळाली. 'भिसि' म्हणजे संस्कृत बृसी, गादी. अट्ठकथाकार म्हणतो की, खिडकीच्या मापाची गादी करून ती तेथे बांधावी. निमित्त वटवाघुळांचे खरे. पण हिवाळ्याच्या रात्री अशा गादीने बंद केलेली खिडकी थंडी किती अडवील, हे कोणाही गृहस्थाच्या ध्यानात येईल. याच प्रकरणात विहारास पांढरा रंग, काळा रंग व गेरूचे काम यांचीही अनुज्ञा आहे. चुन्याने पांढरी केलेली भिंत थोडा प्रकाश दुप्पट करून दाखविते, हे आमच्या घरांतील बायामाणसांसही ठाऊक असते. मात्र मुळात कारण दिले आहे ते निराळे, अन्य पंथीयांच्या रंगविलेल्या जागा पाहावयास लोक जात असत, एवढेच.

खिडकी कशी असावी हे असे सहाव्या प्रकरणात आले; ती केव्हा उघडावी हे आठव्या प्रकरणात, म्हणजे वत्तक्खंधकात, आले आहे. शयनासनाची निगा सांगताना तेथे म्हटले आहे की, थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघडाव्या व रात्री लावाव्या. उष्णकाळी दिवसा लावाव्या व रात्री उघडाव्या. तसेच पूर्वेकडून धुळीचा वारा सुटला तर पूर्वेकडील खिडक्या लावाव्या, पश्चिमेकडून सुटला तर पश्चिमेकडील, याप्रमाणे चारी दिशांचे सांगितले आहे. महावग्गात उपाध्यायाची सेवा करणाऱ्या शिष्याच्या कर्तव्यांतही हाच नियम आलेला आहे. म्हणजे ही एखाद्या टीकाकाराची सूचना नसून प्रत्येक नव्या भिक्षूने पाळावयाचा नित्याचा पाठ होता.

'वातपान' या शब्दाची व्युत्पत्ती येथे पाहण्यासारखी आहे. 'पा' धातूचे दोन अर्थ: पिबति म्हणजे पितो, व पाति म्हणजे राखतो. पहिल्याने वातपान म्हणजे वारा पिणारे. दुसऱ्याने वाऱ्यापासून राखणारे. वैयाकरणांनी कोणताही पक्ष घ्यावा. वरील नियम वाचल्यावर दोन्ही कामे त्या एकाच वस्तूस ऋतुपरत्वे करावी लागत होती, एवढे निश्चित ठरते. संस्कृत 'वातायन' शब्दात वाऱ्याची वाट एवढाच भाग उरला आहे. अमरकोशाने त्याचा पर्याय म्हणून 'गवाक्ष' दिला आहे, त्यात वारा मुळीच नाही, नेत्र आहे. खिडकीचे प्रकाशाचे काम या दुसऱ्या शब्दाच्या वाट्यास आले, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रकाशाचे हे काम संस्कृत ग्रंथकारांच्या किती परिचयाचे होते, याची दोन प्रमाणे पुरेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांचे कोष्टक आहे. त्याचा आरंभ त्रसरेणूपासून होतो, आणि त्रसरेणू म्हणजे जाळीतून आलेल्या उन्हात जो सूक्ष्म रजःकण दिसतो तो. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, अशी ती परंपरा सोन्यारुप्याच्या मापांपर्यंत चढत जाते. याज्ञवल्क्यानेही हीच व्याख्या केली आहे. जाळीची खिडकी व तिच्यातून आत पडणारा उन्हाचा कवडसा हे घरोघरचे दृश्य नसते, तर राजकीय वजनमापांची व्याख्या त्यावर कोणी उभारली नसती. दुसरे प्रमाण कौटिल्याचे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातील गृहवास्तुक अध्यायात शेजारच्या दोन घरांमधील मोकळ्या जागेचे नियम देऊन तो म्हणतो की, प्रकाशासाठी लहानशी खिडकी उंचावर करावी. आणि आपल्या दाराखिडक्यांनी समोरच्यास उपद्रव देणाऱ्यास त्याने दंड सांगितला आहे. राजमार्ग व रथ्या एवढ्यांपुरती सूट ठेविली आहे. सर्व घरमालकांनी एकविचाराने निराळी व्यवस्था केल्यास तीही त्यास मान्य आहे. आजच्या दाट वस्तीतील उजेडाचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हा अध्याय जुना वाटणार नाही.

आता लेण्यांकडे वळू. येथे पहिलीच अडचण अशी की, चारी दिशांच्या वाऱ्याचा नियम मोकळ्या जागी बांधलेल्या विहारास लागू पडतो. डोंगरात खोदलेल्या लेण्यास एकच तोंड. पाठीमागून वा कडेने खिडकी पाडणे अशक्य, म्हणून आरपार वारा नाही. मग विनयाचा नियम लेण्यात पाळला कसा जात असेल? आमचे मत असे की, त्यातील निम्मे काम डोंगरानेच अंगावर घेतले. जाड खडक दिवसाच्या उन्हाने लवकर तापत नाही व रात्री लवकर निवत नाही. वैशाखात भर दुपारी लेण्यात शिरणाऱ्यास हे लगेच कळते. झडप लावून दिवसाची उष्णता बाहेर ठेवणे आणि रात्रीचा गारवा आत साठविणे, हे जे काम वातपानाने करावयाचे, ते खडक अहोरात्र करितो. उरले प्रकाशाचे काम, आणि लेणी कोरणाऱ्यांचे सारे कौशल्य त्याच कामी लागलेले दिसते.

कार्ल्याचे चैत्यगृह याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद अशा या दालनाचे तोंड पश्चिमेकडे आहे. खाली तीन दारे, त्यांवर घोड्याच्या नालासारखी एकच विशाल खिडकी. तिच्यातील मूळ लाकडी चौकटीचा भाग आजही जागेवर आहे. उंचावरून येणारा उजेड मधल्या दालनावरून जाऊन शेवटी स्तूपावर पडतो, आणि खांबांच्या पलीकडील बाजूचे मार्ग काळोखात राहतात. फर्ग्युसनने या प्रकाशयोजनेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, आणि ती यथार्थ आहे. परंतु त्याने तिच्याकडे मुख्यतः गांभीर्य उत्पन्न करणारा देखावा म्हणून पाहिले. आम्हांस असे वाटते की, एकाच तोंडातून सव्वाशे फूट खोलवर उजेड न्यावयाचा असेल, तर खिडकी उंच व मोठी करण्यावाचून गत्यंतरच नव्हते. कौटिल्याने 'उंचावर' म्हटले ते याच अनुभवाने. शोभा मागाहून आली असेल, किंवा बरोबर आली असेल. पण गरज आधीची.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. भाजे व कोंडाणे येथील चैत्यगृहांची तोंडे आज उघडी आहेत. मूळची ती तशी नव्हती. पुढे लाकडी पडदी उभी होती, आणि भाज्यास तिच्या खाचा दगडात दिसतात. म्हणून आज तेथे उभे राहून आत किती उजेड येतो हे ठरविणारा मनुष्य, दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंस कधीच न मिळालेला उजेड मोजत असतो. हीच चूक अजिंठ्याविषयी उलट दिशेने होते. इतक्या अंधारात चित्रे काढली कशी, असे विचारून आरशांच्या व पाण्याच्या थाळ्यांच्या कथा सांगितल्या जातात. त्यांस ग्रंथाधार आम्हांस आढळला नाही, आणि दिवे होते ही साधी गोष्ट लोक विसरतात.

विहारांची स्थिती चैत्यगृहांहून निराळी. मधले मंडप, तीन बाजूंस खोल्या, पुढे ओसरी. मंडपास दारातून व खिडक्यांतून उजेड मिळतो, खोल्यांस मात्र फक्त मंडपाचा उरलासुरला. विनयाच्या भाषेत या खोल्या अचक्षुष्यच राहिल्या, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. निजावयास खोली आणि वाचावयास मंडप अथवा ओसरी, अशी वाटणी असावी. देशावरील आमच्या जुन्या वाड्यांत माजघर अंधारे व चौकाभोवतीचा सोपा उजळ असतो, तसाच हा प्रकार. आणि वाड्यांतील माणसे उन्हाळ्यात दुपारी दारे-खिडक्या लावून घेतात व रात्री उघडतात, तेव्हा ती नकळत वत्तक्खंधकाचाच नियम पाळीत असतात.

हा नियम सर्वत्र सारखा उपयोगी नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्यास एप्रिलात दिवसाची उष्णता सरासरीने सुमारे ३८ अंशांपर्यंत चढते व रात्री सुमारे २१ पर्यंत उतरते. इतके अंतर असेल तेथे रात्रीचा वारा घरात घेऊन दिवसा कोंडून ठेवण्यात अर्थ आहे. मगधातील कोरड्या उन्हाळ्यातही तसेच. मुंबईच्या किनाऱ्यावर हे अंतर सात-आठ अंशांवर येते, आणि दमट हवेत झडप लावून बसणे असह्य होते. तेथे वारा सतत खेळता पाहिजे. कान्हेरीस, म्हणजे किनाऱ्यालगत, अनेक लेण्यांतून दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. दगडी जाळी सदैव उघडी असते, हे लक्षात घेता कान्हेरीचे जालवातपान हे त्या हवेस अनुसरून निवडले गेले असावे, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. जाळीच्या आतून लाकडी झडप असल्याचे सिद्ध झाले तर तो सोडून द्यावा लागेल.

शिलालेखांची साक्ष या बाबतीत थोडी पण मोलाची आहे. कार्ल्यास धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दर्शनी दाराचे काम केल्याचा लेख आहे, व एका भिक्षुणीने 'वेयिका' दान दिल्याचाही आहे. ही वेयिका म्हणजे वेदिकाच. परंतु ती वेदिकावातपान होय असे घाईने म्हणू नये, कारण दर्शनी भागावर निव्वळ शोभेची वेदिकाही विपुल कोरलेली आहे. जुन्नरास मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या यवनाने 'गभदार' दान दिले आहे, म्हणजे गर्भगृहाचे दर्शनी तोंड. पोढी, खोली, आसन यांप्रमाणेच उजेडाची वाट हीही स्वतंत्र दानाची वस्तू गणली जात होती, इतके या लेखांवरून दिसते.

लेण्यांची वर्णने लिहिणाऱ्यांनी खांबांची व मूर्तींची मापे बारकाईने दिली आहेत. खिडक्यांच्या वाट्यास त्या मानाने थोड्या ओळी आल्या. आमच्या वाचकांपैकी जे शिलालेखांचे ठसे घेण्यास कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथे जातात, त्यांनी परत येताना एवढे टिपून आणावे: खिडकीची उंची व जमिनीपासूनचे अंतर, तोंड कोणत्या दिशेस, आणि चौकटीच्या दगडात बिजागरीची खोबण अथवा अडसराचे भोक आहे काय. खोबण आतल्या अंगास असेल तर झडप आत उघडत होती, बाहेरच्या अंगास असेल तर बाहेर. आणि जाळीच्या खिडकीस ती कोठेच नसेल, तर कान्हेरीसंबंधीचा वरील तर्क बळावेल.