वाफेच्या पडद्याआडचा समुद्र

आमचं पिशोर समुद्रापासून कितीतरी दूर. तरी मृग लागला की इथला शेतकरी तिफण सज्ज ठेवून अरबी समुद्राकडच्या बातमीची वाट पाहतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर इन्सॅटनं टिपलेलं ढगांचं चित्र दाखवत. अब्बा विचारायचे, "रातीच्या अंधारात ढगांचा फोटो निघतो कसा?" मी बी. ए. झालेलो, पण उत्तर येत नव्हतं.

त्या उत्तराची सुरुवात १८०० साली इंग्लंडमध्ये झाली. विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला. तिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पारा मात्र चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे ते सोडत असते, रात्रीसुद्धा. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून गेलेल्या इन्सॅट-१बीवर हे किरण टिपणारं उपकरण होतं. समुद्र उबदार, उंचावरचे ढग थंड. या फरकातून चित्र तयार होई.

पण एक अडचण होती. १८५९पासून लंडनमध्ये प्रयोग करणाऱ्या जॉन टिंडल यांनी दाखवून दिलं होतं, की न दिसणारी पाण्याची वाफ ही उष्णता शोषून घेते. समुद्रावरची हवा तर वाफेनं भरलेली! त्यामुळे उपग्रहाला समुद्र असतो त्याहून थंड भासतो. ढग आडवा आला तर पाणी दिसतच नाही. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था समुद्राचं तापमान पाहून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते. ते तापमान चुकलं, तर कोकणातल्या नाखव्याचं डिझेल जळतं आणि जाळं रिकामं येतं.

उपाय निघाला तो वाफेच्याच स्वभावातून. ती काही लहरींना जास्त अडवते, काहींना कमी. जवळजवळच्या दोन लहरींनी एकच समुद्र पाहिला, की दोन्हींतल्या फरकावरून वाफेनं किती उष्णता खाल्ली याचा हिशेब लागतो. २०१३ साली गेलेल्या इन्सॅट-३डीवर अशी सोय होती. त्याआधी २००२च्या कल्पना-१वर खास वाफच टिपणारी पट्टी होती. म्हणजे जी आड येत होती, तिचीच मोजणी सुरू झाली.

आज अब्बा नाहीत. असते तर सांगितलं असतं, "समुद्र झाकणारी ती वाफच वाऱ्याबरोबर घाट चढून आपल्या कपाशीवर पडते. तिला हटवायचं नाही, ओळखायचं."