मतदानाची भरपगारी सुट्टी

मतदानाची भरपगारी सुट्टी ही लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेल्या नोकरदार व्यक्तीस मतदानाच्या दिवशी वेतनात कपात न करता मिळणारी वैधानिक सुट्टी आहे. तिचा आधार लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १३५ ब हा आहे. आस्थापना कोठे आहे यावर हा हक्क अवलंबून नसून कर्मचाऱ्याचे नाव कोणत्या मतदारसंघाच्या यादीत आहे यावर तो ठरतो. वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) येथील, पण नोकरीनिमित्त अन्य शहरांत राहणाऱ्या मतदारांसाठी हा भेद निर्णायक ठरतो.

कायदेशीर तरतूद

कलम १३५ ब हे १९९६ च्या दुरुस्ती अधिनियमाने समाविष्ट करण्यात आले. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांतील मद्यविक्री-बंदीचे कलम १३५ क हेही त्याच दुरुस्तीतील आहे. कोणताही व्यवसाय, व्यापार, औद्योगिक उपक्रम किंवा अन्य आस्थापना यांत काम करणाऱ्या मतदारास मतदानाच्या दिवशी सुट्टी देणे बंधनकारक आहे. ज्याला काम न केलेल्या दिवसाचे वेतन एरवी मिळत नाही, अशा कामगारासही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. त्यामुळे रोजंदारीवरील व हंगामी कामगारही या हक्कात येतात. ज्या मतदाराच्या गैरहजेरीमुळे त्याच्या कामाच्या ठिकाणी धोका किंवा मोठे नुकसान संभवते, त्याला मात्र हे कलम लागू नाही.

उल्लंघन करणाऱ्या मालकास ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरुंगवासाची तरतूद नाही. दंडाची ही रक्कम अनेक ठिकाणी एका कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीहून फारशी अधिक नसल्याने तिचा धाक नाममात्रच आहे.

मतदारसंघाबाहेर काम करणारे मतदार

तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातील गाव नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावर असून ते आर्वी विधानसभा व वर्धा लोकसभा मतदारसंघांत मोडते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वर्धा व नागपूर या दोन्ही मतदारसंघांत ११ एप्रिल रोजीच मतदान झाले. त्यामुळे नागपुरात नोकरी करणाऱ्या तळेगावच्या मतदारापुढे तारखेचा प्रश्न उद्भवला नाही. २०२४ मध्ये मात्र नागपूरचे मतदान १९ एप्रिलला, तर वर्ध्याचे २६ एप्रिलला झाले. अशा वेळी नागपूरची आस्थापना १९ तारखेला बंद राहते आणि २६ तारखेस तेथे नेहमीचे कामकाज चालते. ‘सुट्टी तर मागच्याच आठवड्यात झाली’ हे उत्तर मालकाला स्वाभाविक वाटू शकते. कायद्याच्या दृष्टीने ते टिकणारे नाही, कारण तळेगावच्या मतदाराचा मतदानाचा दिवस २६ एप्रिल हाच होता. पुण्यात काम करणाऱ्यांच्या बाबतीतही तेच; पुण्याचे मतदान १३ मे रोजी होते. मतदारसंघाबाहेर काम करणारे मतदारही भरपगारी सुट्टीस पात्र आहेत, असे भारत निवडणूक आयोगाने स्पष्ट केलेले आहे.

सुट्टी केवळ मतदानाच्या दिवसाची असते, प्रवासाच्या दिवसांची नाही. पुण्याहून विदर्भात येऊन परतण्यास जाता-येता एकेक रात्र लागते. २६ एप्रिल २०२४ हा शुक्रवार असल्याने पुढे साप्ताहिक सुट्टी जोडून घेणे काहींना शक्य होते. २० नोव्हेंबर २०२४ रोजीचे विधानसभेचे मतदान बुधवारी होते, तेथे ती सोय नव्हती.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

राज्याचा कामगार विभाग प्रत्येक निवडणुकीपूर्वी याविषयी परिपत्रक काढतो. कारखाने, दुकाने, निवासी हॉटेले, खाद्यगृहे, नाट्यगृहे, मॉल, माहिती तंत्रज्ञान कंपन्या इत्यादींना ते लागू असते. पूर्ण दिवस सुट्टी देणे शक्य नसलेल्या अपवादात्मक परिस्थितीत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन काही तासांची, सामान्यतः दोन ते तीन तासांची, भरपगारी सवलत देता येते. जवळच्या मतदान केंद्रावर जाणाऱ्यास ती पुरते. नागपूरहून तळेगाव गाठणाऱ्यास एवढ्या वेळात जाऊन येणेही कठीण असते.

मतदानाच्या दिवशी पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ अन्वये जाहीर होणारी सार्वजनिक सुट्टी ही वेगळी बाब आहे. तिचा संबंध मुख्यतः बँका व शासकीय कार्यालयांशी येतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ अन्वये मिळणाऱ्या वर्षातील आठ भरपगारी सुट्ट्यांतही मतदानाचा दिवस मोडत नाही.

व्याप्तीच्या मर्यादा

कलम १३५ ब मध्ये केवळ लोकसभा व विधानसभा यांचा उल्लेख आहे; त्यांच्या पोटनिवडणुकाही त्यात येतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्या या कलमाबाहेर राहतात. त्यांच्यासाठी राज्य शासनाच्या स्वतंत्र आदेशांवर अवलंबून राहावे लागते. शेतमजूर व घरकामगार यांचाही कलमात स्वतंत्र उल्लेख नाही. कापूस, सोयाबीन व संत्र्यांच्या या पट्ट्यात ही उणीव लहान म्हणता येत नाही.

अन्य देशांत

कॅनडात मतदारास मतदानाच्या वेळेत सलग तीन तास मोकळे मिळतील अशी व्यवस्था मालकाने करावी लागते. अमेरिकेत संघराज्य पातळीवर असा कायदा नाही. तेथे राज्यागणिक नियम भिन्न आहेत.