एमएच-१७१८ : जिथं गेलं की वर्षभर परत येता येत नाही

आपल्या गाड्यांवर एमएच-४५ असतं. एमएच-१३ म्हणजे सोलापूर, एमएच-११ म्हणजे सातारा, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. आता एमएच-१७१८ कुठलं, ते सांगा बघू.

हा गाडीचा नंबर नाही, पिनकोड आहे. एप्रिल २०२४ मध्ये टपाल खात्यानं अंटार्क्टिकावरच्या भारती या आपल्या संशोधन केंद्रात शाखा उघडली आणि तिला हा प्रायोगिक पिन दिला. शाखा महाराष्ट्र सर्कलची. गोवाही त्याच सर्कलमध्ये येतो. पत्रं आधी गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात जमा होतात. मग मोहिमेतला माणूस ती सोबत घेऊन जातो. म्हणजे टपाल वर्षातून एकदाच. पत्राची ही तऱ्हा, तर तिथं राहणाऱ्या माणसांची काय असेल?

यावर आपल्याकडं फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातून गुपचूप निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम प्रमुख, एकूण २१ माणसं. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले आणि फेब्रुवारीत परतलेही. मोठं काम होतं, पण ते जाऊन येणं होतं. राहणं नव्हतं.

राहायची सोय झाली तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ साली. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण गंगोत्री हे केंद्र उभं राहिलं. याच मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय महिला अंटार्क्टिकावर पोचल्या. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या समुद्रशास्त्रज्ञ आदिती पंत. हे पंत म्हणजे औंधचे पंत बरं का. आदितीताई अप्पासाहेब पंतांची मुलगी, म्हणजे औंधच्या राजांची नात. आपल्या जवळचं आटपाडी याच औंध संस्थानात होतं. जिथं पावसाची वाट बघण्यात पिढ्या गेल्या, त्या मुलखाच्या राजघराण्यातली लेक समुद्राचा अभ्यास करायला पृथ्वीच्या टोकाला गेली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करायच्या. पुढं पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या.

उन्हाळा संपला, जहाज परत फिरलं. मागं राहिले बारा जण. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा त्यांचे प्रमुख. त्याआधी परमजितसिंग सेहरा १९७१ ते ७३ च्या दरम्यान सोव्हिएत मोहिमेबरोबर राहून आले होते. पण आपल्या स्वतःच्या केंद्रात हिवाळा काढणारे हे पहिले बारा.

हिवाळा काढायचा म्हणजे काय, ते समजून घ्या. तिकडचं ऋतुचक्र आपल्या उलटं. साधारण मार्चनंतर समुद्र गोठत जातो आणि वर्षअखेरीपर्यंत जहाज येत नाही. मेच्या शेवटी-शेवटी सूर्य मावळतो, तो दोन महिने उगवतच नाही. आपल्याकडं माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरीकडं जाते ना, नेमकी त्याच दिवसांत तिथं चोवीस तास रात्र असते. अपेंडिक्स फुटलं तर केंद्रातला डॉक्टर करेल तेवढंच. गावाकडं घरातलं कुणी गेलं तर खांदा द्यायला येता येत नाही. त्या काळी मोबाईल नाही, इंटरनेट नाही. रोज तीच बारा तोंडं.

अशा मुक्कामात माणसाचं काय होतं, हे जगाला आधीच कळलं होतं. १८९८ साली बेल्जिका हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी नोंदवून ठेवलंय, की अंधार वाढला तशी माणसं खचली, झोप गेली, काहींचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. त्यांनी माणसांना शेकोटीसमोर बसवलं, पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं, तेव्हा बरेच जण सावरले.

पुढं १९६२ मध्ये मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण मुद्दाम घड्याळाशिवाय गुहेत राहिला. दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच चालू होता. पंचवीस दिवस हिशेबातून गळाले! सूर्य दिसला नाही तर माणसाचं गणित असं चुकतं. आपल्याच देशात मदुराईच्या विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनीही माणसाच्या शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास अशाच बंद खोलीत केला.

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला? उन्हाळ्यात जावं, मोजमाप करावं, यावं परत.

याचं उत्तर एका ब्रिटिश केंद्रानं दिलंय. हॅली त्याचं नाव. १९५७ पासून तिथली माणसं आळीपाळीनं राहून आकाशातला ओझोन मोजत होती. वर्षानुवर्षं तेच काम. बघणाऱ्याला वाटावं, काय पोरखेळ चाललाय. आणि १९८५ मध्ये त्याच वह्यांवरून कळलं, की दर वसंतात अंटार्क्टिकावरचा ओझोन भयानक कमी होतोय. दोनच वर्षांत मॉन्ट्रियल करार झाला, फ्रिजमधले जुने वायू बंद करायचं ठरलं. वही मधेच सोडली असती तर घट कळलीच नसती. आधी किती होता हे माहीत असेल, तरच आता किती कमी झालाय हे सांगता येतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जायची. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर विजेमुळं सुई हलेल, म्हणून वेधशाळाच अलिबागला हलवायचं ठरलं. तिथं लोखंडाचा वापर टाळून इमारत बांधली. आणि नोंद तुटू नये म्हणून १९०४ ते १९०६ दोन्हीकडं एकदमच मोजणी चालू ठेवली. हीच परंपरा पनवेलची भूचुंबकत्व संस्था पुढं चालवते. तिची माणसं अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री केंद्रातही मुक्कामाला असतात.

दक्षिण गंगोत्री काही वर्षांत बर्फाखाली गाडलं गेलं, १९९० मध्ये ते सोडावं लागलं. त्याच वर्षी मोहिमेतली चार माणसं हम्बोल्ट पर्वतातल्या मुक्कामात विषारी वायूनं गेली. तरी काम थांबलं नाही. खडकावर मैत्री उभं राहिलं, २०१२ मध्ये भारती. आधी महिलांना फक्त उन्हाळ्यातच नेत. मग डॉ. कंवल विल्कू यांनी हिवाळा काढला. आणि २०१६-१७ मध्ये इस्रोच्या मंगला मणी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भारती केंद्रात ४०३ दिवस राहिल्या. तेवीस जणांत एकट्या बाई.

मंडळी, आपण जाणाऱ्यांचे सत्कार करतो. राहणाऱ्यांची आठवण कुणाला होत नाही. चंद्रावर यान उतरलं की चौकात फटाके वाजतात. पण अंधारात रोज उठून आकडा लिहिणारा माणूस बातमीत येत नाही. मीही बातमीदारच आहे, हे मला चांगलं माहीत आहे.

आपल्या तालुक्यालाही हे लागू आहे. निम्मा तालुका नीरेच्या कालव्यावर, निम्मा पावसाच्या भरवशावर. आपल्या मंडळात किती मिलिमीटर पडला, यावर दुष्काळ ठरतो, पीकविम्याचा हिशेब होतो. पावसाची मोजणी रोज सकाळी साडेआठला करायची असते. कुणीतरी ती नीट केली तर शेतकऱ्याच्या हातात पुरावा राहतो. यंत्र बंद पडलं आणि कुणी बघितलंच नाही, तर पाऊस न पडल्याचंही सिद्ध करता येत नाही. अंटार्क्टिकातली वही आणि आपल्या मंडळातला पावसाचा आकडा, दोन्हींचा धर्म एकच. खंड पडू द्यायचा नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट, खास पोरांसाठी. या केंद्रांत फक्त शास्त्रज्ञ लागत नाहीत. जनरेटर मेकॅनिक, वाहन मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, नर्स हेही लागतात. कारण जनरेटर बंद पडला तर त्या थंडीत सगळ्यांचाच जीव धोक्यात. वास्कोची संस्था या जागांच्या जाहिराती काढते, त्यांच्या वेबसाईटवर नजर ठेवा. आयटीआय करून घरी बसलेल्या आपल्या कुठल्या पोरानं उद्या अर्ज भरला आणि एमएच-१७१८ वरून गावाकडं पत्र धाडलं, तर ती बातमी मी पहिल्या पानावर घेईन.