गीतात नसलेले बिदर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा इतिहास सांगताना शाहिरांचे नाव घेतल्यावाचून कोणी पुढे जात नाही. परंतु शाहीर एकटा कधीच नव्हता. डफ त्याच्या हाती असला, तरी मागे तुणतुणे, झांज आणि सूर उचलून धरणारे झीलकरी उभे असत. मी लहानपणापासून चर्चच्या गायनवृंदात गात आलो आहे. एकाने म्हटलेली ओळ पंचवीस कंठांनी उचलली म्हणजे ती कोणा एकाची उरत नाही, हा अनुभव मला तेथे मिळाला. राजकीय चळवळीला शाहिरांनी दिले ते नेमके हेच.

ही वाट सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी आधीच मळवली होती. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या आश्रयाने लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ लाभलीच नव्हती. अमर शेख हे बार्शीच्या श्रमिक घरातले. त्यांनी तमाशाचा जुना साचा घेतला, पण गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, शिवरायांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गवळण वगळली आणि वगात सावकार व गिरणीमालक आणून उभे केले. ज्या कामगारास वर्तमानपत्र वाचता येत नसे, त्यालाही आपल्या दुःखाचे कारण एका रात्रीत उमगे. पुढे मुंबई सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. सामर्थ्याचा याहून मोठा दाखला कोणता?

अमर शेखांची बार्शी निजामाच्या हद्दीला लागून होती. हद्दीपलीकडच्या मुलखातच बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे येत. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि सभेला सरकारची परवानगी आवश्यक. गाण्याचीही मोकळीक नव्हती. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले आणि अनेकांनी नागपूर गाठून शिक्षण पुरे केले. गुलबर्ग्यास कापडगिरणी होती, कामगारही होते. परंतु परळ-लालबागसारखी चळवळीने बांधलेली वस्ती नव्हती, आणि पथक उभे राहते ते अशा वस्तीच्या आधारावर.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात. एकाच जिल्ह्यातले सोयरे तीन राज्यांचे रहिवासी झाले.

याच काळात अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड मराठी मुलखात घुमत होती. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह सांगता सांगता ती खंडित महाराष्ट्राच्या दुःखाशी येते, आणि तेथे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे उच्चारली जातात. बिदर नाही, भालकी नाही. वर्गात हा भाग शिकवताना मला हे दर वेळी खटकते. तरी हा शाहिरांचा दोष मानणे मला पटत नाही. जेथे संघटना पोहोचली, तेथली नावे गीतात आली. शिवाय बिदर ही एकाच भाषेची भूमी नव्हे. कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू तेथे एकाच बाजारात बोलल्या जातात. एकीकरणाचे गीत कानडी बांधवांपाशीही होते. हुयिलगोळ नारायणराव यांचे ‘उदयवागली नम्म चेलुव कन्नड नाडु’ हे १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गाइले गेले. ज्या बेळगावासाठी आपले शाहीर पुढे कंठ फोडून गायले, तेच हे बेळगाव! सीमेच्या दोन्ही बाजूंना झीलकरी होते, हे आपण सहसा सांगत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही. १९६९ च्या पावसाळ्यात, १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख. २००४ साली राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि २७ डिसेंबर २०२२ रोजी विधिमंडळाने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव एकमताने केला. त्या ठरावात बेळगाव, कारवार व निपाणी यांच्या पंक्तीस बिदर आणि भालकी ही नावे आहेत.