दातांचा डॉक्टर ऑपरेशन कसं करतो?

आमची भाची जबड्याची सर्जन आहे. आधी बीडीएस, मग तीन वर्षं एमडीएस. लग्नकार्यात कुणी ना कुणी तिला विचारतंच, "दातांचे डॉक्टर कधीपासून ऑपरेशनं करायला लागले गं?" ती हसून सोडून देते. मी मात्र वाचत बसलो, आणि निदान ब्रिटनपुरतं उत्तर सापडलं ते थेट पहिल्या महायुद्धात.

१९१४ साली फ्रान्सला गेलेल्या ब्रिटिश फौजेबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. मग खंदकांची लढाई सुरू झाली. अंग खंदकात, डोकं वर. गोळी लागायची ती तोंडालाच. माणूस वाचायचा, पण खाणं, गिळणं, बोलणं बंद.

बुलोनजवळ ऑगस्ट व्हॅलाडिए नावाचा दंतवैद्य असे जबडे सांधत होता. पण पडला दंतवैद्य! सर्जनच्या देखरेखीशिवाय त्याला शस्त्रक्रियेची परवानगी नव्हती. १९१५ मध्ये देखरेखीला आला हॅरल्ड गिलीज, कान-नाक-घशाचा तरुण सर्जन. देखरेख राहिली बाजूला, गिलीजच त्याच्याकडून शिकला. आज प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात गिलीजचं नाव पहिल्या ओळीत असतं. व्हॅलाडिएचं शोधावं लागतं.

गिलीज शिकला ते काय? तर आधी हाड, मग कातडी. आतला आधार नसताना वरून टाके घातले, तर जखम भरताना चेहरा आकसतो, वाकडा होतो. आणि हाड जागेवर आलं हे ओळखायचं कसं? वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसले की समजायचं. हा हिशेब दंतवैद्याच्या हातातला.

१९१७ मध्ये लंडनजवळ सिडकपला खास चेहऱ्याच्या जखमांचं इस्पितळ निघालं. तिथे ५,००० हून जास्त रुग्णांवर ११,००० च्या वर शस्त्रक्रिया झाल्या. कातडी-मांस गिलीजकडे, हाडं-दात विल्यम केल्सी फ्राय याच्याकडे. भुलीचा मास्क चेहऱ्यावरच यायचा, मग काम करायचं कुठे? त्यातून मॅगिल आणि रोबॉटम या दोघांनी तिथेच श्वासनलिकेत नळी घालून भूल द्यायची पद्धत रुळवली.

हा केल्सी फ्राय आधी आघाडीवर डॉक्टर होता. जबडा फुटलेल्या एका सैनिकाला त्याने डोकं पुढे झुकवून चालवत मागे आणलं. तोवर तो जिवंत होता. पुढे त्याला स्ट्रेचरवर उताणं निजवलं आणि तो गुदमरून गेला. खालचा जबडा जीभेला पुढे धरून ठेवतो. तो तुटला की जीभ मागे पडते, वर रक्त घशात उतरतं.

मंडळी, आपल्या रस्त्यांवर रोज दुचाकी घसरतात, म्हणून एवढं लक्षात ठेवा. तोंड फुटलेला माणूस शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल, तर त्याला पुढे झुकून बसू द्या, रक्त बाहेर पडू द्या. माणुसकी म्हणून उताणं झोपवू नका. हे शहाणपण एका सैनिकाच्या जिवावर मिळालेलं आहे.