दाबसामर्थ्य चाचणी : दगड, माती आणि काँक्रीट

दाबसामर्थ्य चाचणी : ठरावीक आकाराच्या नमुन्यावर भार वाढवत नेऊन तो किती दाबाला मोडतो, हे पाहण्याची पद्धत. मोडतानाचा भार भागिले भार पेलणाऱ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ, एवढाच हिशेब. 150 मिमी बाजूचा काँक्रीटचा क्यूब 600 किलोन्यूटनला फुटला, तर 22,500 चौ. मिमीने भागून उत्तर येते 26.7 न्यूटन प्रति चौ. मिमी. भागाकार शाळकरी आहे, पण आलेला आकडा एकट्या पदार्थाचा नसतो. नमुना केवढा होता, ओला होता की कोरडा, भार किती वेगाने चढवला, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणूनच चाचणी सोपी आणि तिचे नियम लांबलचक.

अठराव्या शतकात पॅरिसमधील सेंट-जेनेव्हिएव्ह चर्चच्या, म्हणजे आजच्या पाँतेओंच्या, घुमटाखालचे खांब फार सडपातळ आहेत असा वाद पेटला. तो सोडवण्यासाठी एमिलाँ गोते या फ्रेंच अभियंत्याने तरफेवर चालणारे यंत्र बनवून दगडांचे छोटे ठोकळे फोडून पाहिले. उभ्या इमारतींत दगडांवर जेवढा भार पडत होता, त्याच्या दहापटीहून अधिक भार प्रयोगातले ठोकळे सहसा पेलत होते. गोतेने त्यामागचे कारणही ओळखले : बांधकामात भार दगडाच्या बरोबर मध्यावर आणि काटकोनात पडेलच असे नाही.

भारतात ही चाचणी सर्वाधिक होते ती काँक्रीटवर. भारतीय मानक 516 नुसार क्यूब तीन थरांत भरतात आणि हाताने भरताना प्रत्येक थराला 16 मिमी जाडीच्या सळईने किमान 35 ठोसे देतात. साच्यातला क्यूब पहिले 24 तास दमट हवेत राहतो. नंतर तो 27 अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात बुडवून ठेवतात. फोडायचा तो ओला असतानाच, कारण वाळलेला क्यूब जास्त भार दाखवतो. यंत्रात ठेवताना भरतेवेळचा वरचा, थापीने सारखा केलेला पृष्ठभाग बाजूला जाईल असा तो फिरवतात. भार मिनिटाला साधारण 14 न्यूटन प्रति चौ. मिमी या गतीने चढवतात; घाई केली तर आकडा फुगतो. नीट फुटलेल्या क्यूबच्या चारही बाजू सोलून निघतात आणि मध्ये टोकाला टोक लावलेल्या दोन पिरॅमिडांसारखा गाभा उरतो. हे घर्षणाचे काम : पोलादी प्लेटी क्यूबच्या वरच्या-खालच्या तोंडाला बाहेर पसरू देत नाहीत. उंची व्यासाच्या दुप्पट असलेल्या वृत्तचितीच्या मधल्या भागाला हा आधार पोचत नाही. त्यामुळे त्याच काँक्रीटची वृत्तचिती क्यूबच्या सुमारे 80 टक्केच सामर्थ्य दाखवते. अमेरिकेत वृत्तचिती, भारतात आणि ब्रिटनमध्ये क्यूब. दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडताना हा फरक विसरून चालत नाही.

काँक्रीटच्या एम-25 या प्रतीतला 25 म्हणजे 28 दिवसांनंतरचे सामर्थ्य, न्यूटन प्रति चौ. मिमीमध्ये. पाच टक्क्यांहून अधिक निकाल त्याखाली जाऊ नयेत, अशी अपेक्षा असते. मानक 456 प्रमाणे तीन क्यूब मिळून एक नमुना होतो, आणि एखादा क्यूब सरासरीपासून 15 टक्क्यांहून दूर गेला तर तो निकाल धरत नाहीत. प्रत्यक्षात अनेक साइटवर क्यूबसाठी वेगळे, जरा जास्तच जपून कालवलेले काँक्रीट वापरतात. असा क्यूब उत्तम निघतो, पण स्लॅबबद्दल काहीच सांगत नाही.

दगडाचा नमुना बहुधा वेधनातून काढलेला गाभा असतो : व्यास सुमारे 54 मिमी, लांबी व्यासाच्या दोन ते तीनपट, दोन्ही टोके घासून समांतर केलेली. दख्खनचा घट्ट काळा पाषाण 100 न्यूटन प्रति चौ. मिमीच्या सहज पुढे जातो. त्याच डोंगरातला पोकळ्यांचा बेसाल्ट किंवा ज्वालामुखी ब्रेशिया त्याच्या बराच खाली राहतो. म्हणून सह्याद्रीत बोगदा खणताना प्रत्येक थराची चाचणी वेगळी घ्यावी लागते. कोकण-गोव्यातल्या जांभ्या चिऱ्याला तर मानक किमान 3.5 न्यूटन प्रति चौ. मिमीच मागते. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, तेव्हा तो कधी तपासला यावरही बरेच ठरते.

आकारमान वाढले की सामर्थ्य घटते, कारण मोठ्या तुकड्यात भेगा सापडण्याची शक्यता मोठी. याचा सर्वांत कडू धडा दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत मिळाला. 21 जानेवारी 1960 रोजी तिथले कोळशाचे खांब एकामागोमाग कोसळले आणि 435 कामगार गाडले गेले. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या तुकड्यांवर भिस्त न ठेवता खऱ्या खाणींतले 98 टिकलेले आणि 27 कोसळलेले दाखले अभ्यासले. खांबाची रुंदी आणि उंची यांवर बेतलेले त्यांचे सूत्र 1967 मध्ये प्रसिद्ध झाले.

माती मात्र वेगळ्या जातीची. कोरडी वाळू उभीच राहत नाही, त्यामुळे बाजूने आधार न देता करायची ही चाचणी चिकणमातीपुरती. नमुना 38 मिमी व्यासाचा आणि 76 मिमी उंच. तो फुटतोच असे नाही. कधी नुसता पिंपासारखा फुगतो, आणि मग 20 टक्के दबला की मोडला असे धरतात. आलेल्या आकड्याच्या निम्मे म्हणजे मातीची कर्तन-ताकद. काळ्या मातीत पाण्याचे प्रमाण बदलले की उत्तर पार बदलते, म्हणून जमिनीतून काढलेला नमुना मेण लावून बंद करतात.

क्यूब नापास झाले तर आधी स्मिट हातोडा फिरवतात. तो पृष्ठभागावर आपटून किती उसळतो हे मोजतात. अंदाजात 25 टक्क्यांपर्यंत चूक गृहीत धरावी लागते. वाद मिटवायला उभ्या बांधकामातून गाभे कापून काढतात. त्यांचे क्यूबमध्ये रूपांतरित सामर्थ्य सरासरीने अपेक्षित सामर्थ्याच्या किमान 85 टक्के भरले आणि एकही गाभा 75 टक्क्यांखाली गेला नाही, तर मानक ते काँक्रीट स्वीकारते. घर बांधणाऱ्याने ठेकेदाराकडे 28 दिवसांचा अहवाल मागताना क्यूब कोणत्या स्लॅबच्या काँक्रीटमधून भरले, कुठे भिजवले आणि कोणत्या तारखेला फोडले, हेही लेखी मागून घ्यावे.